खाल्लेली वर्षे

फोन ठेवता ठेवता आत्यांनी बायबलमधल्या योएल संदेष्ट्याचे वचन सांगितले: टोळांनी खाल्लेल्या वर्षांची भरपाई परमेश्वर करून देईल. हेतू सांत्वनाचाच होता आणि मीही "हो" म्हणून गेले. पण तेव्हापासून मनात एकच गोष्ट सलते आहे, की माझी वर्षे खाल्ली गेली हे त्यांनी परस्पर ठरवले कधी? त्याच वचनात परमेश्वर त्या टोळांना 'मी तुमच्यावर पाठवलेले माझे मोठे सैन्य' म्हणतो. तेवढे शब्द त्यांनी गाळले, आणि गाळले म्हणूनच मला ते जास्त ऐकू आले.

रात्री योएल सलग वाचून काढला. तीनच तर अध्याय आहेत. एका टोळाने सोडलेले दुसऱ्याने खाल्ले, त्याचे उरलेले तिसऱ्याने, तिसऱ्याचे चौथ्याने. अंजिराची साल सोलली जाऊन फांद्या पांढऱ्या पडल्या आणि मंदिरातले अन्नार्पणही थांबले. ही कविकल्पना म्हणून सोडून देता येत नाही, कारण १९१५ साली यरुशलेमवर टोळधाड आली तेव्हा तिथल्या अमेरिकन कॉलनी या ख्रिस्ती वसाहतीच्या छायाचित्रकारांनी पानांनी भरलेले अंजिराचे झाड आणि टोळ गेल्यावर उरलेला त्याचा सांगाडा, दोन्ही टिपून ठेवले आहेत. त्या वर्षी तुर्की सरकारने १५ ते ६० वयाच्या प्रत्येक पुरुषाला वीस किलो टोळांची अंडी गोळा करण्याचा हुकूम काढला होता. शिक्षा देवाची असली तरी वेठ सरकारचीच.

दुसऱ्या अध्यायात त्याच किड्यांचे सैन्य होते. त्यांच्यापुढे एदेन बाग आणि मागे ओसाड रान. ते भिंती चढतात, चोरासारखे खिडक्यांतून आत शिरतात, आणि सैन्याच्या अग्रभागी गर्जना परमेश्वराची असते. इथे मला रडू आले, आईच्या शेवटच्या दिवसांमुळे आणि त्या नोकरीमुळेही, ते असो. पण मग लक्षात आले की यहूदाचा, म्हणजे त्याच्या लोकांचा, नेमका अपराध कोणता, हे योएल कुठेही सांगत नाही. उपास करा, वस्त्रे नव्हे तर हृदये फाडा, परत फिरा, एवढेच तो म्हणतो, आणि देव मन वळवील की नाही यावरही त्याचे उत्तर 'कोण जाणे' असेच आहे. संदेष्ट्याने जे मोघम ठेवले, ते आमच्या नात्यातल्या निम्म्या बायका चहा उकळेपर्यंत सांगून मोकळ्या होतात, हे जाणवले आणि चक्क हसू आले.

बायबलमधल्याच आमोस या दुसऱ्या संदेष्ट्याचा सातवा अध्याय मला अधिक जवळचा वाटतो. त्यालाही टोळांचा दृष्टांत होतो, पण लोक निर्दोष आहेत असा दावा तो करत नाही. क्षमा कर, याकोब, म्हणजे इस्राएल, लहान आहे, तो कसा टिकेल, एवढेच म्हणतो, आणि तेवढ्यावर परमेश्वर ती शिक्षा मागे घेतो. निर्दोष असल्याचा दावा माझ्याच्याने व्हायचा नाही. लहान असल्याचा मात्र मी आत्यांसमोरसुद्धा करीन. ते टोळ राजाच्या वाट्याची कापणी उरकल्यानंतर उगवलेल्या पिकावर येत होते, असेही तिथे नोंदवलेले आहे, म्हणजे जे जायचे ते रयतेच्याच ताटातले जाणार होते. आमोसने त्यावर चकार शब्द काढलेला नाही. पण तकोवा गावच्या त्या मेंढपाळाने, म्हणजे आमोसने, ही नोंद सहज केली असेल, असे मला वाटत नाही.