सासवडचा मुक्काम

आळंदी ते पंढरपूर पळत जायचं आमच्या पुण्यातल्या गटानं ठरवलं, आणि सगळ्यात मोठा वाद झाला तो सासवडवरून. आखणी माझ्याकडे होती. पहिल्या दिवशी आळंदीहून पुणे, रात्री आपापल्या घरी. दुसऱ्या दिवशी हडपसर, वडकी करत दिवेघाट चढून सासवड. आणि त्यानंतरचा अख्खा दिवस सासवडलाच. "आत्ता कुठे पाय मोकळे होतायत आणि लगेच सुट्टी?" असं बहुतेकांचं म्हणणं पडलं. अंतर साधारण अडीचशे किलोमीटर आहे, दमलो की पुढे कुठेतरी थांबू, फलटणला नाहीतर माळशिरसला.

मी हटले नाही. माझ्या पाठीशी वारीचं वेळापत्रक होतं. माउलींची पालखी सासवडला दोन रात्री असते. पुणे ते सासवड हा तिचा लांबलचक टप्पा, तीस किलोमीटरच्या वर, आणि दिवसभर चालून झाल्यावर समोर घाट. रथाला तिथे जादा बैलजोड्या लावाव्या लागतात. बऱ्याच वर्षी तो दिवस एकादशीचा असतो, म्हणजे लोक उपवासाच्या पोटी घाट चढतात. हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात या सोहळ्याला आजची शिस्त लावली. तेव्हापासून इतक्या पिढ्या चालल्या आणि सासवडचा जास्तीचा मुक्काम टिकून राहिला. लाखो पायांनी पारखलेल्या वेळापत्रकापुढे आमच्या उत्साहाचं काय ऐकायचं, असं मला मनापासून वाटत होतं.

शरीराचं गणितही तेच सांगतं. लांब पळण्याचा ठणका त्याच संध्याकाळी पूर्ण कळत नाही. तो दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चढतो. स्नायूंमधला साखरेचा साठा नीट भरून यायला, पोटभर भाकरी-भात खाऊनही, दिवसभराचा अवधी लागतो. त्यात चढ पोटऱ्यांवर आणि टाचेच्या वरच्या शिरेवर येतो. ती शीर एकदा दुखावली की पुढचे कित्येक आठवडे पळणं बंद. थांबायचं तर ती दुखायच्या आधी.

थंडीचे दिवस होते. मस्तानी तलाव खाली डावीकडे-उजवीकडे वळणांतून दिसत राहिला, घाटमाथ्यावरच्या विठ्ठलाच्या उंच मूर्तीपाशी आम्ही पाणी प्यायलो आणि दुपारच्या आत सासवडला टेकलो. घाटाबद्दल एवढंच. मला सांगायचंय ते दुसऱ्या दिवसाचं.

गटातल्या एका मैत्रिणीच्या आत्याबाई सासवडला राहतात. त्यांच्या ओसरीवर आमच्या सतरंज्या पडल्या. सकाळी मी उठले तर जिना उतरताना कठडा धरावा लागत होता. पोटऱ्या गच्च. पण गटातला सगळ्यात तरुण मुलगा बुटांच्या नाड्या बांधत होता. म्हणे, नुसतं चार-पाच किलोमीटर हळूहळू पळून येतो, अंग मोकळं होईल. आत्याबाई अंगणात धुण्याचं पाणी काढत होत्या. त्यांनी तिथूनच विचारलं, "कुठं निघालास रं बाळा?" त्यानं सांगितलं. त्या म्हणाल्या, "आमच्या दारात दर वर्षी दिंडी उतरती. वारकरी त्या दिवशी काय करत्यात ठावं हाय का? न्हात्यात, धुणं धुत्यात, दाढ्या करत्यात, जेवून झोपत्यात. तुमीबी तेच करा." त्यानं नाड्या सोडल्या.

आम्ही खरोखर तेच केलं, त्याच क्रमानं. कपडे धुऊन दोरीवर टाकले. ओल्या बुटांतल्या गाद्या बाहेर काढून आत जुने वर्तमानपत्र कोंबलं. ते दोनदा बदललं की बूट संध्याकाळपर्यंत कोरडे होतात. मग फोड. ज्यांना फोड आले होते त्यांचे मी बघितले. सुई ज्योतीवर धरून, गार होऊ देऊन, कडेला टोचायची, पाणी निथळू द्यायचं, वरची कातडी मात्र अजिबात काढायची नाही. वर स्वच्छ पट्टी. नखं आखूड कापली. वेदनाशामक गोळ्या मी कुणालाच घेऊ दिल्या नाहीत. घाम खूप गेलेला असताना त्या गोळ्यांचा मूत्रपिंडावर ताण येतो, आणि दुखणं झाकलं गेलं तर कुठे थांबायचं हे शरीर सांगणार कसं?

दुपारी जेवायला बाजरीची भाकरी, पावट्याची उसळ, लसणाची चटणी, वर गूळ-तूप. जेवून झाल्यावर आत्याबाईंनी काशाची वाटी काढली. एकेकाला बसवून तळव्याला तूप लावायचं आणि वाटीनं घासत राहायचं. तूप हळूहळू काळपट होतं. पोटरीवर कुणी जोर लावून रगडू नये, सूज असते, एवढं मी सांगितलं होतं. तळव्यांना मात्र काही धोका नव्हता. माझी पाळी आली आणि घासता घासता मी बसल्या जागी झोपले. मग सगळेच झोपले. इतकी गाढ झोप मला पळण्याच्या दिवसांत रात्रीसुद्धा लागत नाही.

ऊन उतरल्यावर पाय मोकळे करायला बाहेर पडलो, चालत आणि सावकाश. आधी सोपानकाकांची समाधी. ज्ञानेश्वरांच्या या धाकट्या भावाची पालखीही इथूनच पंढरपूरला निघते. मंडपात टेकून बसलेल्या एका आजोबांनी कुठून आलात विचारलं. पळत चाललोय म्हटल्यावर ते हसले नाहीत, की नवलही केलं नाही. "लिंबाचं पाणी पीत जावा, मीठ घालून," एवढंच म्हणाले. पुढे कऱ्हा आणि चांबळीच्या संगमावरच्या संगमेश्वराला गेलो. तिथल्या दगडी पायऱ्या मी मुद्दाम मोजक्याच उतरले, कारण दुखऱ्या मांड्यांना उतरण्याचा त्रास चढण्यापेक्षा जास्त. येताना बाजारात पुरंदरची अंजिरं मिळाली, ताजी, देठाला चीक असलेली. सासवडला जाऊन ती न खाता परत येऊ नये.

पुढच्या पहाटे नीरेकडे निघालो. पहिला अर्धा तास पाय जड होते, मग सुटले. जेजुरी मागे पडेपर्यंत तो तरुण मुलगा माझ्याशेजारी गप्पा मारत पळत होता, आणि टाचेची शीर गटात कुणाचीच बोलली नाही.

या रस्त्यानं कुणी पळायचं ठरवत असेल तर सासवडच्या दोन रात्री धराच, पाय ठणठणीत असले तरी. कापडी चिकटपट्टी पुण्यातूनच घेऊन निघा. आणि आषाढीच्या आधीचे ते आठवडे सोडून बेत करा. तेव्हा तो रस्ता वारकऱ्यांचा असतो.