गाडी लावायला जागा आहे का?

गुरुवार, रात्री पावणेअकरा

आज दुपारी जेवणानंतर मी विजापूरच्या सात लॉजना फोन केले. सातवा फोन ठेवला तेव्हा चटणीसाठी शेंगदाणे निवडत बसलेल्या हिने सूप बाजूला सारून अगदी सहज विचारले, "सगळ्यांना गाडीचं विचारलंत. खोलीचं एकदा तरी विचारलंत का?" वाक्य एवढेच होते आणि त्यात टोमणाही नव्हता, कारण टोमणा मारताना हिचा आवाज निराळा लागतो. तरीही दुपारची झोप त्या वाक्याने घालवली, संध्याकाळी संभाजी तलावापर्यंतचा फेरा घालवला, आणि आता सगळे निजल्यावर मी ते इथे उतरवून पाहतो आहे.

मी खोलीचे खरोखरच विचारले नव्हते. फोनशेजारच्या कागदावर मी रकाने आखले होते: जागा आवारात की रस्त्यावर, छप्पर आहे की नाही, फाटक किती वाजता बंद होते, रात्री कोण असते, उतार आहे का, वळायला जागा आहे का. भाड्याचा रकानाही होता. पलंग, पाणी, स्वच्छता, खिडकी यांचा रकाना आखायचे मला सुचलेही नव्हते.

खरे तर शंभर किलोमीटरवरच्या गावी मुक्काम कशाला, असे शेजारी विचारतीलच, आणि ज्या रस्त्यावर मी पस्तीस वर्षे राहतो त्याचे नावच विजापूर रोड असल्यामुळे तो प्रश्न मलाही विचित्र वाटतो. पण मंजू आणि जावई उद्या हुतात्मा एक्स्प्रेसने येत आहेत आणि बाळ्याला गोल गुंबजात स्वतःचे नाव सात वेळा ऐकायचे आहे. एकदा शाळांच्या सहली वर चढल्या की त्या सज्जात स्वतःचे नाव सोडाच, शेजारच्याचे बोलणेही ऐकू येत नाही. कागद फाडल्याचा आवाज समोरच्या भिंतीपाशी ऐकवून दाखवायचा तर पहाटे दार उघडताच कोपऱ्यातल्या मनोऱ्याचे ते उंच, अरुंद जिने चढायला लागले पाहिजे. माझ्या गुडघ्यांचे काय होईल ते होवो. म्हणून शनिवारची रात्र तिथे काढायची, आणि संध्याकाळचे ऊन इब्राहिम रोजाच्या नक्षीवर असताना तिकडे पोचायचे, असे ठरले. ठरवले मीच.

लॉज शोधण्यातच निम्मी सकाळ गेली होती. २०१४ पासून सरकारदरबारी ते विजयपुरा आहे, आणि फोनवर ते नाव टाकल्यावर पहिला लॉज जो दिसला तो बंगळूरजवळच्या देवनहळ्ळी तालुक्यातल्या विजयपुऱ्याचा निघाला. तिथे मात्र गाडी लावायला जागा उत्तम होती.

विजापुरातला पहिला लॉज गांधी चौकाच्या बाजूचा. बाराकमान जवळ, खानावळी जवळ, सगळे जवळ. पण गाडी म्हणे रस्त्यावरच लावा, रात्री वॉचमन असतो. तो झोपतो का, असे मी विचारले. पलीकडचा माणूस हसला आणि म्हणाला, "माणूसच आहे ना, साहेब." दुसरा स्टेशन रोडचा, गुंबजापासून चालत जाण्याजोगा, गाडी तळघरात. उतार कसा आहे, हे विचारल्यावर त्याने नीट सांगितले. मग खाली खांब किती आहेत, असे मी विचारले. थोडा वेळ काहीच ऐकू आले नाही, मग लांबून कोणालातरी कानडीत तोच प्रश्न विचारल्याचे ऐकू आले, आणि दोघांच्या हसण्यानंतर "बारा" असे उत्तर आले. मी रकान्यात बारा लिहिले.

पाचवा बायपासकडचा होता आणि त्याच्या आवारात म्हणे दहा मालट्रक उभे राहतात. तिथेच मी नाव नोंदवणार होतो. मग लक्षात आले की एवढ्या लांब उतरायचे म्हणजे प्रत्येक ठिकाणी पुन्हा गाडी काढणे आले, आणि विजापुरात बघायच्या जागा एका ओळीत असल्या तरी ती ओळ फार लांब आहे: गुंबज पूर्वेच्या टोकाला, इब्राहिम रोजा पश्चिमेला तटाबाहेर, मध्ये अर्किल्ला म्हणजे आतला बालेकिल्ला, जामा मशीद वस्तीत. मोकळ्या आवारात उतरणाऱ्याला दिवसातून सहा वेळा गाडी लावायची जागा शोधावी लागेल, आणि अडचणीच्या तळघरात उतरणाऱ्याला एकदाच; पुढे रिक्षा आहेत, टांगेही आहेत. हा हिशोब मला फार आवडला. तो मी हिला मोठ्याने वाचून दाखवला आणि त्यावरच तिचे ते वाक्य आले.

सुरुवातीला मला रागच आला. या घरात कुठेही जायचे ठरले की तिकिटे, पैसे, गाडीचे हवापाणी, वाटेतला चहा हे सगळे मी बघायचे, आणि सगळे जमून आल्यावर जे राहिले तेवढे नेमके इतरांना दिसायचे, असे काहीसे माझ्या मनात आले. पस्तीस वर्षांत माझ्या हातून कोणी रस्त्यावर निजले नाही. मंजू फोनवर म्हणालीच होती, "बाबा, गाडी हे चालवतील, तुम्ही मागे निवांत बसा." निवांत हा शब्द तिने दोनदा वापरला. दिवाळीतल्या त्या खांबाच्या प्रकारानंतर हा शब्द आमच्या घरात फार वाढला आहे. त्या प्रकाराबद्दल मी मागे लिहिले आहे, पुन्हा लिहीत नाही. आमच्या गाडीचा चंदेरी ओरखडा खालच्या खांबावर गुडघ्याएवढ्या उंचीवर अजून आहे, आणि सोसायटीने जिना रंगवला, फाटक रंगवले, खांब तेवढा राहिला.

पण खांबामुळे मी सात फोन केले असे म्हणणे पुरते खरे नाही. मी संध्याकाळभर त्याच्याभोवती फिरत होतो. भीती आहे, हे कबूल. गाडी मागे घेताना हल्ली मान पूर्वीइतकी वळत नाही आणि आरशातले अंतर आणि खरे अंतर यांचा मेळ बसायला एक क्षण जास्त लागतो. तरी भीती वाटली की माणूस जायचे टाळतो, बारा खांब रकान्यात लिहीत बसत नाही. मी कागदावर दुसरे काहीतरी भरत होतो.

विजापुरात गाडी कुठे लावायची, हा प्रश्न मला आजवर पडलाच नव्हता. पेठेतल्या घराचा दरवाजा उघडा असायचा आणि आमचा हॉर्न ऐकून नाना धोतराचा सोगा सावरत ओसरीवरून उतरायचे. स्कूटर होती तेव्हाही उतरायचे, आणि पुढे गाडी घेतल्यावर तर तो एक कार्यक्रमच झाला. निंबाखाली उभे राहून उजवा हात स्वतःकडे हलवत "बर्ली, बर्ली" म्हणायचे, म्हणजे येऊ द्या, येऊ द्या; आणि भिंत वीतभर उरली की तोच हात उभा करून "साकु". पुरे. मी आरशात कधी पाहिले नाही. नानांचा हात पाहायचो. त्यांना स्वतःला गाडी चालवता येत नव्हती, सायकलसुद्धा नाही, पण त्यांच्या "साकु"नंतर मी एकदाही कुठे घासली नाही.

लग्नात ते सगळ्यांसमोर मला म्हणाले होते की चांदबिबीच्या लग्नात सोलापूरचा किल्ला विजापूरकरांना हुंड्यात मिळाला, तो आम्ही घेतला. आता आमची मुलगी सोलापुरात देतो आहोत, तेव्हा जुना हिशोब फिटला, आणखी काही मागू नका. आम्ही मागितले नव्हतेच. मेहुण्यांनी पुढे जे केले ते कायद्याने बरोबरच होते, आणि त्या व्यवहाराविषयी मी इथे काही लिहिणार नाही. त्यानंतरची चार वर्षे ही विजापूरला गेलेली नाही. यंदा गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, उठल्यावर कुठेतरी जाऊ, असे मंजू म्हणाली तेव्हा विजापूरचे नाव मी काढले, बाळ्याच्या आवाजाचे निमित्त करून. ही "बरं" म्हणाली, आणि आपल्या माहेरच्या गावात लॉज शोधणाऱ्या नवऱ्याचे सात फोन शेंगदाणे निवडत ऐकत बसली.

एवढे लिहिल्यावर उठून पाणी प्यालो. मनात आले की मी उगाच एवढा ओशाळतो आहे, कारण ज्या गावी चाललो आहोत ते गावच मुळी मुक्कामाची जागा ठरवण्याच्या खटाटोपावर उभे आहे. मोहम्मद आदिलशहाने १६५६ साली डोळे मिटण्याआधीच बाहेरून ४४ मीटर व्यासाच्या घुमटाखाली आपली सोय करून ठेवली. इब्राहिमने रोजा बांधायला घेतला राणीसाठी, आणि १६२७ मध्ये स्वतःही तिथेच उतरला. दुसऱ्या अलीने या सगळ्यांहून मोठे काही योजले आणि १६७२ मध्ये तो गेला तेव्हा नुसत्या कमानी उभ्या होत्या. बाराकमानीत तो अजून छपराविना आहे. त्यांच्यापैकी कोणी सात ठिकाणी चौकशी केली नव्हती.

आणि गाडी लावण्याचे म्हणाल तर मुलुखमैदान आहेच. १५४९ साली अहमदनगरला ओतलेली पंचावन्न टनांची तोफ परांड्याहून विजापूरला आणायला चारशे बैल आणि दहा हत्ती लागले, असे सांगतात. जोडीची कडक बिजली म्हणे वाटेत नदीतच गेली. आणली तेव्हा वळायला जागा आहे का, हे कोणीतरी नक्की विचारले असणार. एकदा बुरुजावर लावली ती लावली. पुढे इंग्रजांनी १८५४ मध्ये दीडशे रुपयांना लिलावात काढली, तरी ती हलली नाही. लिलावच रद्द झाला. ओठांवर बोट फिरवून पाहण्याइतकी गुळगुळीत आहे ती, आणि सिंहाच्या जबड्यात दाबलेला तो हत्ती बाळ्याला गुंबजापेक्षा जास्त आवडेल, असा माझा अंदाज आहे.

या सगळ्यात, संध्याकाळी हिने माझ्या हातून फोन घेतला होता, हे सांगायचे राहिले. कागदावरचा सहावा नंबर तिने लावला, जो मी "बोळ" एवढेच लिहून खोडला होता. पहिले वाक्य मराठीत, दुसरे कानडीत, आणि मग पलीकडचा माणूस आणि ही जे बोलत सुटले त्यातला "किटकी" हा एकच शब्द मला लागला, म्हणजे खिडकी. चार वर्षांत तिचे कानडी मी ऐकले नव्हते. कानडीत ती भरभर बोलते आणि हात हलवते, थोडी नानांसारखी. तीन मिनिटांत दोन खोल्या ठरल्या: मागच्या बाजूच्या, दुसरा मजला, लिफ्ट आहे, गरम पाणी सहापासून असते पण पहाटे जायचे म्हटल्यावर पाचला बादली देतो म्हणाले, चादरी सोलापूरच्याच आहेत. चेकआउट चोवीस तासांचे.

"आणि गाडी?" मी विचारले. इतके झाल्यावरही विचारले.

"बोळातून आत घ्यायची. फाटक सात फुटांचं आहे म्हणाला."

मग तिने शेंगदाण्यांचे सूप पुन्हा पुढे ओढले आणि माझ्याकडे न बघता म्हणाली की रविवारी निघताना एकदा पेठेतल्या गल्लीतून जाऊ. मी म्हणालो, तिथे आता दोन्ही बाजूंना दुचाक्या लावलेल्या असतात, गाडी वळणार नाही.

"वळवायची कशाला? सरळ पुढे निघायचं. थांबायचं नाहीच आहे, म्हणजे लावायचा प्रश्नच नाही."

साडेनऊच्या सुमारास हिच्या शिवणाच्या डब्यातली टेप घेऊन मी खाली गेलो. ती साठ इंचांची, म्हणजे पाच फुटांत संपते आणि गाडी संपत नाही. म्हणून जिथे टेप संपली तिथे बॉनेटवर बोट दाबून धरले आणि दुसऱ्या हाताने पुढचे मोजले. वॉचमन खुर्चीवरून बघत होता, त्याने काही विचारले नाही. आरशांसकट सव्वासहा फूट भरली. म्हणजे सात फुटांच्या फाटकात दोन्ही बाजूंना मिळून नऊ इंच राहतात, एका बाजूला साडेचार, नानांच्या वीतभरापेक्षा पुष्कळ कमी. आरसे मिटले तर आणखी जागा होते. उजवा सहज मिटतो. डावा अर्ध्यात अडकतो, दिवाळीपासूनच. उद्या मंजूला आणायला स्टेशनवर जाण्याआधी त्याच्या सांध्यात शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब सोडले पाहिजेत.