बाळंतिणीची झोप

इंदुरात रात्री दोन वाजता दोनच जातीची माणसं जागी असतात: सराफ्याच्या रात्रीच्या खाऊगल्लीत उभ्याउभ्या गराडू, म्हणजे तळलेला कंद, खाणारे हौशी आणि बाळंतिणी. हौशी मंडळींना दुसऱ्या दिवशी लोळता तरी येतं. बाळंतिणीला सकाळी कचरागाडीचं गाणं उठवतं. स्वच्छतेत आमच्या शहराने २०१७ पासून पहिला नंबर पटकावला, त्याचा मलाही अभिमान आहे. पण पहाटे कशीबशी निजलेली पोर गाडीच्या भोंग्याने दचकली, की तो अभिमान काही केल्या आठवत नाही.

मुलगी झाल्यावर येणारी प्रत्येक काकू एकच सांगून गेली, "ती झोपली की तूही झोपून घे गं." हिशेब तसा झकास दिसतो. तान्हं बाळ दिवसाचे चौदा ते सतरा तास झोपतं, म्हणजे आईची चंगळच! पण ही झोप दोन-दोन, तीन-तीन तासांच्या तुकड्यांत. त्यातून पाजणं, ढेकर काढणं, लंगोट बदलणं वजा करा. उरलेल्यात आंघोळ, शेक, हळिवाची खीर आणि हा सल्ला द्यायला आलेल्या काकूंचा चहा.

शिवाय खांद्यावर झोपलेलं बाळ म्हणजे झोपलेलं बाळ नव्हे. ते पाळण्यात उतरवायचं असतं. आधी कंबर टेकवायची, मग पाठ, मग डोकं, आणि शेवटी मानेखालचा आपला हात बोटाबोटाने काढून घ्यायचा. माझा घात नेमका इथे व्हायचा. डोहाळजेवणाला भरलेल्या हिरव्या बांगड्या ऐन वेळी किणकिणायच्या आणि टपोरे डोळे टक्क उघडायचे. बांगड्या कोपरापर्यंत सरकवून त्यांवर केसांचं रबर चढवलं, तेव्हा कुठे जमलं.

त्यानंतरही कान टवकारलेलेच. ती कुंथली की मी उठून बसे. आई पलंगावरूनच म्हणायची, "थांब जरा, लगेच उचलू नकोस." डॉक्टरांनीही तेच सांगितलं. नवजात बाळाची जवळजवळ निम्मी झोप चळवळी असते. त्यात ते कण्हतं, पाय झाडतं, हसतं, आणि तरी झोपलेलंच असतं. आपण धावत जाऊन त्याला खरोखरीचं जागं करतो.

सव्वा महिन्याच्या खोलीवर मी पुष्कळ वैतागले होते. खिडक्या बंद, कानाला रुमाल, शेगडीचा धूर. ते सगळं खुशाल जावं. पण त्या जुन्या पद्धतीत एक गोष्ट पक्की होती: बाळ सांभाळायला बाळंतिणीखेरीज कुणीतरी असायचंच. मालिशवाली बाई पोरीला न्हाऊमाखू घालून धुरी देऊन स्वतःच्या मांडीवर घ्यायची आणि मला दरडावायची, "दीदी, आप तो सो जाओ, बाकी मैं देख लूँगी." त्या एका वाक्याने जी झोप लागायची, ती काकूंच्या सल्ल्याने कधी लागली नाही.

रात्रीची एक पाळी मग नवऱ्याने उचलली. दहाला मी पाजून आडवी होई. पुढचं एक पाजणं त्याच्याकडे. काढून ठेवलेलं दूध तो चांदीच्या बोंडल्याने थेंबथेंब पाजायचा. एकच, कारण दूध वाढवणारं प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं. सगळीच रात्र चुकवली तर दूध कमी व्हायचं. पण सलग चार-पाच तास मिळाले की सकाळी माणूस माणसासारखं बोलतं. त्याचे सांडलेले थेंब बघून आईचा जीव तुटायचा, पण जावईबापूंना बोलणार कोण?

आजीशी मात्र राईच्या उशीवरून वाजलं. बाळाला पाठीवर, सपाट घट्ट अंथरुणावर निजवा, जवळ उशा-रजया नकोत, असं डॉक्टरांनी बजावलेलं. आजी म्हणे, डोकं चपटं होईल. शेवटी ती उशी आजीच्याच डोक्याखाली गेली. तिला म्हणे छान झोप लागते.

एका मैत्रिणीची गोष्ट वेगळी. तिचं बाळ गाढ झोपायचं आणि ही छताकडे बघत पडायची. घरचे म्हणत, होईल सवय. दोन आठवडे उलटले, रडू थांबेना, तेव्हा नणंद तिला डॉक्टरकडे घेऊन गेली. बाळंतपणानंतरचं नैराश्य निघालं. उपचार झाले, ती सावरली. कुणाला डॉक्टर गाठणं अवघड वाटलं, तर सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६. फोन फुकट लागतो आणि रात्रीही उचलतात.

पुढच्या महिन्यात वहिनीचे दिवस भरतायत. बाळंतविड्यात काय हवं म्हणून विचारायला फोन केला आणि म्हटलं, "रोज दुपारी येईन, बाळ माझ्याकडे, तू दार लावून झोप." पलीकडे जरा वेळ विचार चालला.

"आणि झबली-टोपडी?"

"ती पण आणते गं बाई."