पाच स्टार म्हणजे नक्की काय?

फ्रीज घ्यायचा म्हटलं की आपण सगळे आधी स्टार बघतो, मीपण तेच करायचो, पाच दिसले की संपलं, पुढचं काही वाचायचंच नाही. मग एकदा दोन फ्रीजची लेबलं शेजारी धरून नीट वाचली तर पाच स्टारवाला मोठा फ्रीज वर्षाला तीन स्टारवाल्या छोट्यापेक्षा जास्त युनिट खाणारा निघाला! आधी वाटलं छापताना घोळ झाला असेल. घोळबिळ काही नाही, स्टार त्याच प्रकारच्या नि त्याच साइजच्या फ्रीजशी तुलना करून दिलेले असतात. म्हणजे तो दांडगा फ्रीज मोठ्यांमध्ये काटकसरी, एवढंच. बिल मात्र युनिटवर येतं, नि युनिट म्हणजे १००० वॉटचं काहीही तासभर चाललं की जळते तेवढी वीज.

त्यामुळे आता मी वर्षाच्या युनिटचा आकडा आधी शोधतो. तोही डोळे झाकून नाही हां. भारतात एसीच्या लेबलवरचा आकडा वर्षाला १६०० तास धरून काढलेला असतो, तुम्ही ५०० तासच लावत असाल तर तो तुमचा नाही आणि रात्रंदिवस लावणाऱ्याचा तर नाहीच नाही. फ्रीज बारा महिने चालूच असतो म्हणून तिथे अंदाज जरा बरा लागतो, पण दार उघडं टाकून आत बघत उभं राहणाऱ्यांसाठी (आमच्याकडे आहेत, नावं घेत नाही) कुठलं लेबल छापणार?

अजून एक, लेबल शिळं होतं. भारतात २००६ ला स्टार आले, मग निकष कडक होत गेले. १ जुलै २०२२ ला एसीचे निकष बदलले नि कालचा पाच स्टारवाला एका रात्रीत चारवर आला, मशीन तीच. युरोपात तर अजून धमाल, तिथे ए ते जी अशी अक्षरं, पण मशिनी सुधारत गेल्या आणि सगळ्यांचीच गर्दी ए मध्ये, म्हणून ए प्लस, मग डबल प्लस, मग ट्रिपल प्लस... शेवटी मार्च २०२१ मध्ये फ्रीज, वॉशिंग मशीन वगैरेंवरचे प्लस काढून टाकले, परत साधं ए ते जी, आणि वरची जागा मुद्दाम जवळजवळ रिकामी ठेवली. तिथे आता सी दिसला म्हणून नाक मुरडायचं कारण नाही, जुन्या हिशोबात तोच ट्रिपल प्लस असू शकतो.

आपल्याकडच्या लेबलवर ते कुठल्या काळापुरतं आहे ते छापलेलं असतं, सेलमध्ये जुना स्टॉक घेताना तेवढं बघा.