रामरक्षेने बरे झालात की औषधाने?

तुम्ही विचारलेत म्हणून लिहितो, आणि एकदाच लिहितो. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात गुलेन बॅरे सिंड्रोमचे, म्हणजे जीबीएसचे, रुग्ण वाढल्याच्या बातम्या आल्या, तेव्हापासून बडोद्याच्या दांडिया बाजारात मला, म्हणजे याच आजारातून उठलेल्या माणसाला, ओळखीचे कोणीही भेटले की हा प्रश्न निघतोच. काहींना ‘रामरक्षेने’ हेच उत्तर हवे असते, काहींना ‘औषधाने’, आणि दुसरे काही ऐकून घ्यायची तयारी सहसा कोणाचीच नसते.

औषधाचे आधी सांगतो. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते. बहुधा पायांपासून सुरू झालेली दुर्बलता वर चढत जाते आणि श्वासाच्या स्नायूंनाही गाठू शकते. मला शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन दिले गेले, जे हजारो दात्यांच्या प्लाझ्मापासून तयार होते. ज्यांची नावे मला कधीच कळणार नाहीत अशा त्या माणसांचे आणि डॉक्टरांचे ऋण मी विसरलेलो नाही. स्तोत्र म्हणून बरा झालेला माणूस म्हणून माझा दाखला कोणी देऊ नये, औषध टाळण्यासाठी तर मुळीच देऊ नये.

अतिदक्षता विभागातल्या त्या रात्री सिस्टर मधून मधून येत आणि म्हणत, “काका, एक श्वासमां गणो.” एका श्वासात आकडे कुठवर जातात, यावरून श्वासाच्या स्नायूंची ताकद कळते. संध्याकाळी वीसच्या पुढे जाणारा मी मध्यरात्रीनंतर अकरावर अडखळलो. त्या काही बोलल्या नाहीत; कागदावर आकडा लिहिला आणि डॉक्टरांना फोन करायला गेल्या. व्हेंटिलेटर खाटेशेजारी आणून ठेवला गेला. नाकाच्या शेंड्याला खाज सुटली होती आणि हात तिथपर्यंत जात नव्हता. लहानपणापासून दिवेलागणीला मी रामरक्षेचा एकेक श्लोक एका दमात म्हणत आलो होतो. त्या रात्री ‘करौ सीतापतिः पातु’ एवढ्यावरच दम संपला आणि ‘हृदयं’ पुढच्या श्वासावर गेले.

रामरक्षेत मस्तकापासून पावलांपर्यंत एकेक अवयव नाव घेऊन रामाच्या स्वाधीन केला जातो. आजार पायांकडून वर येत होता आणि श्लोक डोक्याकडून खाली उतरत होते. जो हात मला उचलता येत नव्हता, त्याचे नाव मात्र घेता येत होते. जे माझ्याच्याने सांभाळले जात नव्हते, ते कोणावर तरी सोपवता येत होते. भीती गेली नाही, पण पुढच्या श्वासासाठी पुढचा शब्द तयार होता. पावलांपर्यंत पोहोचलो की पुन्हा मस्तकापासून सुरुवात करायची, असे करत उजाडले, आणि व्हेंटिलेटर लावावा लागला नाही.

आजारापूर्वीचा मी इथे मला अडवतो. रोज रामरक्षा म्हणूनही आजार आलाच ना, असे तो विचारतो. मी म्हणतो, रामरक्षा ही रोगप्रतिबंधक लस नव्हे. मग तो शेजारच्या खाटेवरच्या मुलाची आठवण काढतो. त्याची आई भेटीच्या वेळेत त्याचे पाय धरून अंबामातेचा धावा करीत असे. तो मुलगा गेला. माझी श्रद्धा त्या माउलीच्या श्रद्धेहून तसूभरही मोठी नव्हती. म्हणून ‘रामाने मला वाचवले’ असे मी म्हणत नाही. तिच्यासमोर जे बोलता येणार नाही, ते तुमच्यासमोर का बोलावे? त्या रात्री रामाने मला एकटे सोडले नाही, एवढे मात्र मी कोणासमोरही म्हणेन.

माझ्या डाव्या पावलात अजून पुरता जोर नाही. देवउठी अगियारसला, म्हणजे कार्तिकी एकादशीला, मांडवीजवळच्या विठ्ठल मंदिरातून वरघोडा, म्हणजे देवाची मिरवणूक, निघते, तेव्हा मी काठी टेकून उभा असतो आणि लोक मला चमत्कार म्हणून दाखवतात. कृपा करून तसे करू नका.

माझ्या पत्नीला हे सारे पटत नाही. तिच्या मते रामानेच वाचवले, आणि मी तसे न म्हणणे हा कृतघ्नपणा आहे. आमचा हा वाद मिटलेला नाही. तो जिंकण्याची मला इच्छाही नाही, कारण ती रात्र तिने विभागाबाहेरच्या बाकावर एकटीने काढली होती.