हो, मी सगळ्यांच्या आधी जेवते

परवा साखरपुड्यात नणंदेने पुन्हा तेच विचारलं, सगळ्यांसमोर, हसत हसत, "काय गं वहिनी, तू म्हणे हल्ली सगळ्यांच्या आधी जेवून घेतेस?" बिल्डिंगमधे विचारून झालंय, माहेरी विचारून झालंय, मामेसासूबाईंनी तर मुद्दाम फोन करून घरात काही भांडण झालंय का म्हणून चौकशी केली. तर तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच लिहून टाकते, कारण तोंडी सांगायला लागले की मी एकतर रडते नाहीतर चिडते.

हो, जेवते. संध्याकाळी साडेसातला, ताट वाढून, बसून, वरणावर लिंबू पिळून. भांडण झालेलं नाही. बाकीच्यांना पोळ्या गरमच मिळतात, माझं जेवून झालं की मी परत तवा ठेवते, त्यामुळे "बिचारे गार खातात" हे ज्यांनी पसरवलंय त्यांनी एकदा येऊन बघावं.

हे ज्यामुळे सुरू झालं, त्या वर्षीच्या गौरींचं बऱ्याच जणांना अर्धवट माहितीये. गौरीजेवणाला आमच्याकडे बावीस पान होतं. पाळीची तारीख नेमकी त्यातच येत होती म्हणून मी गोळ्या घेतल्या, पाळी पुढे ढकलायच्या, दरवर्षी घ्यायचे तशा मेडिकलमधून, डॉक्टरला न विचारता. तुमच्यातल्या किती जणींच्या पर्समधे त्या असतात ते मला माहितीये, असो. पूजनाच्या दिवशी पहाटे चारला उठले, सोळा भाज्या, पुरण, पंचामृत, पडवळाची कढी, आणि शेवटची पंगत उठल्यावर साडेचारला जेवायला बसले तेव्हा माझ्या पानात एक पुरणपोळी होती, तव्यावर फुटून पुरण बाहेर आलेली, जी पाहुण्यांना वाढता येत नाही ती. मला त्याचं काही वाटलं नव्हतं. फुटलेली पोळी, करपलेला घावन, कालची भाजी हे माझंच असायचं.

विसर्जनानंतर गोळ्या थांबवल्या आणि तिसऱ्या दिवशी पाळी आली ती अशी की दोन रात्री झोप नाही. तरी पाळीच्या चौथ्या दिवशी सकाळची लोकल पकडली, कारण रजा गौरींना संपली होती. डोंबिवलीच्या पुलावर दोनदा थांबले. धाप गेले वर्षभर लागतच होती, मी वजन वाढलंय म्हणून सोडून देत होते. लेडीज डब्यात उभी होते, छातीत धडधड सुरू झाली, कानात शिटी वाजल्यासारखं झालं आणि आमच्या ग्रुपमधल्या एकीचा आवाज लांबून आला, "अगं हिला धरा, हिला धरा". मग एकदम ठाण्याचा बाक. कुणी पाणी मारतंय, कुणीतरी लिमलेटची गोळी तोंडात घातली, आणि एक अनोळखी बाई, कोळीण असावी, पाटी बाजूला ठेवून माझे तळपाय चोळत होती. तिनेच विचारलं, "सकाळी काय खाल्लंस गं?"

मला आठवेना. नवऱ्याच्या डब्यात फरसबी दिली ते आठवत होतं, सासूबाईंची अळणी भाजी, मुलाचा पराठा, मुलीला केळं, सगळं धडाधडा आठवलं. माझं? चहा. काल रात्री? कढईत भात कालवून खाल्ला असणार, भाजी उरली होती की नव्हती देव जाणे. मी तिला "पोहे" असं खोटं सांगितलं. तेवढ्यातही मला लाज वाटली, बाकावर आडवी पडलेली असताना, ओल्या ड्रेसमधे.

हॉस्पिटलमधे हिमोग्लोबिन ६.१ निघालं. बाईमाणसाचं १२ तरी हवं. तिथली डॉक्टर अगदी पोरगेली, माझी खालची पापणी ओढून बघितली आणि म्हणाली, "काकू, बर्फ खाता का? नाहीतर कच्चे तांदूळ?" मी गप्पच झाले. तांदूळ निवडताना मूठभर तोंडात जायचे, फ्रीजमधला बर्फ कडाकडा चावायचे, मुलगा मला पेंग्विन म्हणायचा, घरात सगळे हसायचे आणि मीही हसायचे. रक्तातलं लोह फार कमी झालं की असं होतं म्हणे. गर्भाशयात गाठी, वर्षानुवर्षं जास्त रक्तस्राव, आणि त्यात हे असं जेवण. रक्ताच्या दोन पिशव्या चढवल्या.

तिथेच कॉरिडॉरमधे नवरा म्हणाला, "पण तुला खाऊ नको असं कुणी म्हटलं होतं का?" दोन महिने मी त्याच्याशी धड बोलले नाही, कारण ते खरं होतं. कुणी अडवलं नव्हतं. "आमची सून म्हणजे अन्नपूर्णा, सगळ्यांचं होईपर्यंत पाण्याला शिवत नाही" हे ऐकायला मला आवडायचं. धाकटी जाऊ बाळंतपणानंतर लवकर जेवून घ्यायची तेव्हा मी सासूबाईंजवळ काय बोलले होते तेही लक्षात आहे, "हिला बरी सगळ्यांच्या आधी भूक लागते". तिला अजून सॉरी म्हटलेलं नाही. पण मग अठरा वर्षांत माझ्या वेळेला कढईत काय उरलंय हे कुणी डोकावून बघितलं नाही, हेही खरंच ना? बघा, परत चिडले.

आता तुम्ही म्हणाल औषध घेऊन भागलं असतं, त्यासाठी आधी जेवायचं नाटक कशाला. औषध घेतलं की. पहिले दोन महिने लोहाच्या गोळ्या सकाळच्या चहाबरोबर गिळल्या, आणि चहा लोह नीट अंगी लागू देत नाही हे कळेपर्यंत ते दोन महिने वायाच. नंतर शी काळी होते, पोट साफ होत नाही, म्हणून मीच गुपचूप बंद केल्या. मग शिरेतून लोह घ्यावं लागलं. आणि कृपा करून बीट सुचवू नका, नुसतं लाल असतं म्हणून काही त्याने रक्त वाढत नाही. डाळ, उसळ, पालेभाजी, अंडं, वर लिंबू, आणि हे सगळं ताटात पुरेसं. शेवटी बसणाऱ्या बाईच्या ताटात पुरेसं काही येतच नाही, रस्सा येतो. म्हणून आधी.

२०१९ ते २१ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४ टक्के रक्ताने कमी निघाल्या. म्हणजे मी काही जगावेगळी नाही, आणि साखरपुड्यात हसणाऱ्याही नाहीत. मुलीचं तपासलं तर ९.८. ती "आईबरोबर बसते" म्हणून थांबायची, मला ते किती गोड वाटायचं.

आता माझं ११.४ आहे. गर्भाशय काढायचं की नाही ते ठरलेलं नाही. आणि रोज साडेसातला बसताना अजूनही मला चोरी केल्यासारखं वाटतं, सासूबाई समोर जपमाळ घेऊन असतात, पहिले चार घास मी मान खाली घालूनच खाते.

यंदा गौरींना तर प्रश्नच होता, नैवेद्याआधी कसं खाणार? गोळ्या घेतल्या नाहीत, स्वयंपाकाला बाई लावली, त्यावरूनही बोलून झालंय तुमचं. पण सकाळी आठला डोळ्यांपुढे अंधारी आल्यासारखं झालं, तेव्हा स्वयंपाकघराच्या दारामागे उभी राहून मी दूधपोहे खाल्ले, वाटी हातात लपवून. सासूबाई फुलं घेऊन आल्या, त्यांनी पाहिलं. काही बोलल्या नाहीत, जाताना दार ओढून घेतलं. मला कुणी बघू नये म्हणून, की त्यांना स्वतःला बघवेना म्हणून, ते मी अजून विचारलेलं नाही.