३८१६५४७२९०

आज दिवसभर ही एकच संख्या डोक्यात घोळतेय. ० ते ९ हे दहाही अंक एकेकदाच. डावीकडून पहिले दोन अंक घ्या, २ ने भाग जातो. पहिल्या तीनला ३ ने, चारला ४ ने, असं थेट दहापर्यंत. दहाही अंक एकदाच वापरून हे जमवणारी दुसरी संख्याच नाही!

दहा अंकांच्या ३६ लाखांहून जास्त मांडण्या तपासत बसू नका. शेवटी ०, पाचव्या जागी ५, सम जागी सम अंक. चौथ्या आणि आठव्या जागी फक्त २ किंवा ६ चालतात, कारण त्यांच्या आधीचा अंक विषम असतो. चौथा, पाचवा, सहावा मिळून बेरीज ३ च्या पटीत हवी, म्हणून मधे २५८ किंवा ६५४च. आठची कसोटी लावताना सातव्या-आठव्या अंकांची जोडी पाहिली तरी पुरते, सहावा अंक सम असल्यामुळे. बरेच जण इथे उगाच लांबचा भागाकार करतात.

एवढ्यावर दहाच उमेदवार उरतात. मग ७ ची चाळणी. ९८७६५४३ किती देखणी, पण बाकी ५ उरते. १४७२५८९ ला ६. आणि ३८१६५४७ = ७ × ५४५२२१. काय सुंदर बसते!